मोबाइलवर एसी बंद, खोलीत मात्र चालू

गेल्या अंकात घरच्या इन्व्हर्टर-बॅटरीविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एक पत्र खेड तालुक्यातल्या एका भगिनीचं आहे. त्यांचे शौहर कुवेतला असतात. गावात नवं घर बांधायला घेतलंय, स्लॅब पडलाय, आता वायरिंगचं काम सुरू होईल. दिवे, पडदे, गेट, पाण्याची मोटर सगळं मोबाइलवर चालेल असं करून द्यायला एक जण तयार आहे. प्रश्न चार एसींचा आहे. पहिला कारागीर म्हणतो, प्रत्येक खोलीत दीड-दोन हजारांची एक डबी लावतो, काम झालं. दुसरा म्हणतो, प्रत्येक एसीला वेगळं यंत्र आणि भिंतीतून तार लागेल, आणि तो सांगतो ती रक्कम ऐकून त्यांचे शौहर फोनवर गप्प झाले. पत्राच्या शेवटी त्यांनी एक ओळ जोडली आहे. ती मला सगळ्या पत्रापेक्षा महत्त्वाची वाटली: ‘सासरे खालच्या खोलीत असतात, त्यांना मोबाइल जमत नाही.’

या पत्राला उत्तर देण्याआधी माझी स्वतःची फजिती सांगायला हवी. मी पंधरा वर्षं आखातात इमारतींच्या वातानुकूलनाच्या कंट्रोलवर काम केलं. त्यामुळे ही फजिती माझ्याच घरात व्हावी, हे बेगमला अजून पुरेसं गमतीचं वाटतं.

आमच्या झोपायच्या खोलीत दीड टनाचा एसी आहे. त्याच्यासमोर मी पहिल्या कारागिराची म्हणाल तर तीच डबी लावली होती, म्हणजे आयआर ब्लास्टर. मोबाइलवरून हुकूम आला की ही डबी रिमोटसारखाच इन्फ्रारेड इशारा सोडते. मे महिन्यात भाचीच्या निकाहसाठी आम्ही सगळे नऊ दिवस पुण्याला गेलो. निघायच्या संध्याकाळी वीज गेली. बॅगा बाहेर आल्या, रिक्षा दारात उभी, अम्मी आधीच रिक्षात बसलेल्या. मी मोबाइल काढला आणि ‘सगळं बंद’ हे बटण दाबलं. मोबाइलने एकेक चित्र विझवत दाखवलं. दिवे बंद, पंखे बंद, एसी बंद. मी समाधानाने कुलूप लावलं.

नऊ दिवसांनी पहाटे परत आलो. अंगणातून पाहिलं तर झोपायच्या खोलीच्या काचेला बाहेरून दव आलेलं. मे महिन्यात, रत्नागिरीत! आत एसी शांतपणे २४ अंशांवर चालू होता. मोबाइलवर मात्र तो अजूनही बंदच दिसत होता.

काय झालं होतं ते समजायला चहाचा एक कप पुरला. वीज गेली तेव्हा राऊटर आणि ती डबी घरच्या बॅटरीवर होती, म्हणून दोघंही जागी होती. एसी बॅटरीवर नसतो, तो मेलेला होता. डबीने ‘बंद हो’ असा इशारा सोडला, पण ऐकायला समोर कोणी नव्हतं. डबीला हे कळायचा मार्गच नाही. आपण बोललो म्हणजे काम झालं, असं धरून तिने मोबाइलला ‘बंद’ कळवलं. अर्ध्या तासाने वीज आली. आजकालच्या बहुतेक एसींत वीज परत आल्यावर आधी होता तसाच आपोआप सुरू होण्याची सोय असते. रात्री दोनदा उठून रिमोट दाबावा लागू नये म्हणून ती केलेली आहे, आणि चांगलीच आहे. त्या दिवशी तिने आपलं काम चोख केलं. रोजचे साधारण चौदा युनिट धरा, नऊ दिवसांचे सव्वाशे. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. आमचं बिल एरवी ३०० च्या आत राहतं. त्या महिन्यात वरचे युनिट तिसऱ्या दराने लागले.

पैसे गेले ते गेले. मला खुपलं ते दुसरंच. जे यंत्र मी लोकांना ‘बघा, घर कुठूनही दिसतं’ म्हणून सांगायचो, ते नऊ दिवस मला खोटं दाखवत होतं, आणि त्याला ते खोटं आहे हे माहीत नव्हतं.

दिव्याचं आणि एसीचं ऑटोमेशन यांत इथेच मोठा फरक पडतो, आणि विकणारे तो सांगत नाहीत. दिवा म्हणजे एक तार. तार जोडली की दिवा पेटतो, तोडली की विझतो. स्विचच्या मागे बसवलेल्या छोट्या रिलेला दिव्याची खरी अवस्था माहीत असते, कारण ती अवस्था त्याच्याच हातात असते. एसीला स्वतःचा मेंदू आहे. तापमान किती, पंख्याचा वेग किती, गार करायचं की फक्त हवा सुकवायची, कॉम्प्रेसर आत्ता फिरवायचा की तीन मिनिटं थांबायचं, हे सगळं तो स्वतः ठरवतो. बाहेरच्याने त्याच्याशी बोलायचं असतं. त्याची तार तोडायची नसते.

म्हणून काही घरांत मी पाहतो तो प्रकार कृपा करून टाळा. बाजारात मोबाइलवर चालणारे प्लग मिळतात. त्यांतला स्वस्त प्लग बहुधा १० अँपिअरचा असतो. त्यात एसीची पिन बसवायची आणि मोबाइलवरून चालू-बंद करायचं, ही अगदी चुकीची गोष्ट आहे. दीड टनाचा एसी ऐन भरात सहा-सात अँपिअर सहज ओढतो, आणि जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. प्लगच्या आतले संपर्क तापतात, प्लास्टिक पिवळं पडतं, पुढे वितळतं. प्लग १६ अँपिअरचा घेतला तरी कॉम्प्रेसर फिरत असताना वीज तोडणं त्याच्या तब्येतीला बरं नाही. रिमोटने बंद केल्यावर अनेक एसींचा आतला पंखा काही मिनिटं फिरत राहतो, ओली कॉइल सुकवायला. वीज तोडली की तेही राहून जातं, आणि चार आठवड्यांनी ‘एसीला वास येतो’ अशी तक्रार घेऊन फोन येतो. एसीला डीबीमधून स्वतःची वेगळी तार, स्वतःचा एमसीबी आणि पक्का १६ किंवा २० अँपिअरचा पॉइंट. त्यात मध्ये कुठलीही हुशार वस्तू नको.

(इन्व्हर्टर या शब्दाचा आपल्याकडे घोळ आहे. घरची बॅटरी सांभाळतो तो इन्व्हर्टर वेगळा, आणि ‘इन्व्हर्टर एसी’ म्हणजे ज्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो तो. इन्व्हर्टर एसी घेतला म्हणजे तो बॅटरीवर चालेल, असं समजून एका गृहस्थांनी माझ्याशी वाद घातला होता.)

आता त्या डबीकडे परत येऊ. टीव्हीचा रिमोट बटण दाबलं की एवढंच म्हणतो, ‘आवाज एक पायरी वर.’ एसीचा रिमोट तसा नसतो. तुम्ही कुठलंही बटण दाबा, तो दर वेळी सगळी यादी पाठवतो: चालू, गार, २४ अंश, पंखा मध्यम, झडप वर-खाली. रिमोटच्या पडद्यावर दिसतं ते रिमोटच्या मनातलं असतं. एसीकडून रिमोटला काहीही परत येत नाही. म्हणूनच पलंगाखाली ठेवून दाबलेला रिमोट २२ दाखवत राहतो आणि एसी आपला २६ वर. डबी म्हणजे असाच एक दुसरा रिमोट, दुसऱ्या मनाचा. हातातल्या रिमोटने तुम्ही २६ केलं तर डबीला पत्ता नसतो. नंतर मोबाइलवरून फक्त पंखा कमी करायला गेलात, तर ती आपली जुनी यादी पाठवते आणि एसी गुपचूप परत २२ वर जातो. काही एसींत चालू आणि बंद यांना एकच इशारा असतो. तिथे तर मोबाइलचा ‘बंद’ हा बंद असलेल्या एसीला चालू करू शकतो.

तरीही मी त्या भगिनीला डबी अजिबात लावू नका असं सांगणार नाही. भाड्याच्या घरात, जुन्या एसीला, झोपायच्या आधी खोली गार करून ठेवायला ती पुरते. स्वस्त आहे, भिंत फोडावी लागत नाही, एसीची गॅरंटी जात नाही. फक्त तिला एक साक्षीदार हवा. मी माझ्या घरी तेच केलं. डीबीमध्ये एसीच्या तारेभोवती एक छोटी सीटी बसवली. ही कडी तार न कापता तिच्यातून किती वीज जाते ते मोजते. एसी बंद असताना काही वॅट, नुसता पंखा फिरत असेल तर पन्नासच्या आसपास, कॉम्प्रेसर चालू असेल तर काही शे. एवढ्यावरून अवस्था ओळखता येते. आता घर ‘रिकामं’ असताना त्या तारेतून शंभर वॅटपेक्षा जास्त वीज दहा मिनिटं गेली, तर डबी पुन्हा ‘बंद’चा इशारा सोडते. पुढच्या पाच मिनिटांत आकडा खाली आला नाही, तर मला आणि शेजारच्या घरी चावी असलेल्या भाच्याला निरोप जातो. मोबाइलवरचं एसीचं चित्रही डबीच्या सांगण्यावर रंगत नाही, त्या कडीच्या आकड्यावर रंगतं.

दुसरा मार्ग वायफायवाल्या एसीचा. नव्या एसींत तो आतच असतो, काहींत वेगळा तुकडा घेऊन लावता येतो. इथे एसीचा मेंदू स्वतः बोलतो, म्हणून हातातल्या रिमोटने बदललेलं तापमानही मोबाइलवर दिसतं. साध्या घराला मला हा मार्ग सर्वांत बरा वाटतो. पण दुकानात उभं राहून दोन गोष्टी विचाराव्या लागतात, आणि दुकानदाराला बहुधा त्या येत नाहीत. पहिली, इंटरनेट बंद पडलं तर घरातल्या घरात तो चालेल का? पुष्कळ कंपन्यांत तुमचा हुकूम खालच्या खोलीतून वरच्या खोलीत जायला आधी कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर जातो आणि मग परत येतो. कंपनीने उद्या ती सेवा बदलली की एसी ठीक असूनही मोबाइलला मुका होतो. दुसरी, तो फक्त कंपनीच्याच ॲपमध्ये राहणार की घराच्या ऑटोमेशनला जोडता येईल? चार खोल्यांत तीन कंपन्यांचे एसी असतील तर तीन ॲप, तीन पासवर्ड, आणि ‘सगळं बंद’ हे एक बटण कुठेच नाही. यावर तोडगा म्हणून कंपन्यांनी मिळून मॅटर नावाचं एक समान बोलणं ठरवलं आहे. २०२२ मध्ये ते आलं आणि ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीत त्यात खोलीचे एसी घेतले गेले. खोक्यावर ती खूण दिसली तर चांगलं. होम असिस्टंटसारखी मोफत प्रणाली घरातल्या एका छोट्या संगणकावर चालवून वेगवेगळ्या कंपन्यांचे एसी एका पडद्यावर आणता येतात, पण ती सांभाळणारं घरात कोणीतरी लागतं. मुलगा सुट्टीवर येऊन बसवून गेला आणि पुढची दोन वर्षं कोणी हात लावला नाही, अशी घरं मी पाहिली आहेत.

आणि कोकणातली एक खास अडचण. चिऱ्याची भिंत जाड असते, तिच्यातून वायफाय कसंबसं जातं. हॉलमधला राऊटर मागच्या खोलीतल्या एसीपर्यंत पोहोचत नाही. त्यात एसीचे हे तुकडे बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात, तेव्हा राऊटरचं ते नाव चालू ठेवावं लागतं. राऊटर बदलला की नवं नाव-पासवर्ड चारही एसींना एकेक करून शिकवावा लागतो. जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड नव्या राऊटरला दिला तर ही मेहनत वाचते.

तिसरा मार्ग तारेचा, दुसऱ्या कारागिराचा. कुवेतमध्ये मी ज्या इमारतीत होतो तिथे एकही डबी नव्हती. बाहेरच्या एका मोठ्या यंत्रावर आतली अनेक युनिटं चालतात अशी पद्धत, जी १९८२ मध्ये डायकिनने व्हीआरव्ही या नावाने आणली आणि आज इतर कंपन्या व्हीआरएफ म्हणतात. त्या युनिटांची आपापसांतली भाषा कंपनीची गुप्त असते. मध्ये एक दुभाषा बसवावा लागतो, त्याला गेटवे म्हणतात. एका बाजूला तो एसीशी एसीच्या भाषेत बोलतो, दुसऱ्या बाजूला घराच्या ऑटोमेशनशी मॉडबस किंवा केएनएक्स या भाषेत. मॉडबस १९७९ पासूनची, कारखान्यांतून आलेली, दोन तारांवर चालणारी साधी पण खडूस भाषा. तिच्यात शब्द नसतात, नुसते क्रमांक आणि आकडे. अमुक घरात २४० लिहिलं तर २४.० अंश. एका नवख्या पोराने २४ लिहिलं, गेटवेने ते २.४ समजून नाकारलं, आणि आम्ही अर्धा दिवस तारा तपासत बसलो. केएनएक्स घरांसाठी आणि इमारतींसाठीच बनलेली आहे, महाग आहे, पण वीस वर्षांनी भिंतीवरचा स्विच दुसऱ्या कंपनीचा आणला तरी तो जुन्या वायरीशी बोलतो.

या मार्गाचा गुण एकच, पण मोठा: विचारलं की उत्तर येतं. चालू आहेस का? हो. खोलीत किती अंश आहे? २७. जाळी धुवायची झाली का? हो. बिघाड आहे का? आहे, हा क्रमांक. आणि एसीच मेलेला असेल तर उत्तरच येत नाही, म्हणून पडद्यावर ‘संपर्क नाही’ असं दिसतं. माझ्या घरी त्या संध्याकाळी ‘एसी बंद’ऐवजी ‘संपर्क नाही’ एवढं जरी दिसलं असतं, तरी मी वीज आल्यावर पुन्हा पाहिलं असतं.

साध्या चार स्प्लिट एसींना इतका खर्च करावा का? माझ्या मते बहुतेक घरांनी करू नये. पण त्या भगिनीचं घर आत्ता उघडं आहे, भिंती अजून प्लास्टर व्हायच्या आहेत, आणि हीच वेळ पुन्हा येणार नाही. चिऱ्यात नंतर खाच मारणं म्हणजे घरभर लाल धूळ आणि गवंड्याची मिनतवारी. म्हणून आजच प्रत्येक एसीच्या आतल्या युनिटमागून डीबीजवळच्या एका खोक्यापर्यंत रिकामा पाइप टाकून ठेवा, आणि त्यात जमलं तर दोन पिळलेल्या तारांची, वरून जाळी असलेली केबल ओढून ठेवा. पाइप विजेच्या पाइपापासून थोडा लांब. केबल एका एसीवरून पुढच्या एसीवर अशी माळेसारखी न्यायची. मॉडबसला माळ लागते, झाडाच्या फांद्यांसारखी पसरलेली तार चालत नाही. माळेसाठी प्रत्येक एसीमागे जायला एक आणि यायला एक, अशा दोन केबल मावतील एवढा पाइप हवा. आज त्याला काहीही जोडू नका. खर्च काही हजारांचा. आणि घ्याल त्या एसीच्या आतल्या सर्किटवर बाहेरचा गेटवे जोडायची जागा आहे का आणि त्याने गॅरंटी जाते का, हे कंपनीच्या सेवाकेंद्राकडून लेखी घ्या. ‘चालतंय हो, आम्ही लावतो’ हे तोंडी उत्तर कामाचं नाही.

आता सासऱ्यांची खोली. यासाठीच मला हा लेख लांबवावासा वाटला.

माझे थोरले भाऊ, भाईजान, चिपळूणजवळ राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखतात. पुतण्या दोहाला. बापाला उन्हाळ्यात त्रास नको म्हणून त्याने एसी बसवला, डबी लावली आणि दोहाहून मोबाइलवर सांभाळायला घेतला. इरादा नेक. तो तिथे बसून बघायचा, चिपळूणला ३४ अंश, आणि २२ लावून द्यायचा. रात्री साडेअकराला आपोआप पुन्हा २२, एकला पुन्हा, असं वेळापत्रकही घातलं. भाईजानना गारठा सोसत नाही. ते रिमोटने बंद करायचे. एक वाजता एसी पुन्हा सुरू. पुन्हा बंद करायचे. डबीला त्यांचा रिमोट दिसत नव्हता, तेव्हा पुतण्याच्या मोबाइलवर अब्बा रात्रभर मजेत थंडाव्यात झोपलेले. भाईजाननी मुलाला एका शब्दाने सांगितलं नाही, त्याने एवढ्या हौसेने केलंय म्हणून. एका रात्री ते एमसीबी पाडायला अंधारात जिन्याखालच्या डीबीकडे गेले आणि स्टुलाला अडखळून पडले. मनगटाला प्लास्टर. फोनवर मुलाला सांगितलं, बाथरूमात पाय घसरला. खरं काय ते भाभींनी मला सांगितलं.

पुतण्याला मी रागावलो नाही. त्याला अब्बांची खोली दिसत होती असं वाटत होतं. दिसत होता तो स्वतःचाच हुकूम.

मी तिथे जाऊन काय केलं ते सांगतो, कारण हे कुठल्याही घरी करता येतं. डबीच्या शेजारी इन्फ्रारेड ऐकणारा एक डोळा लावला. आता भाईजाननी हातातला रिमोट दाबला की तो इशारा एसीप्रमाणे त्या डोळ्यालाही कळतो. नियम असा घातला की रिमोट हाताने दाबला गेला, तर सकाळपर्यंत सगळी वेळापत्रकं गप्प. दोहाहून काही बदलायचं असेल तर बदलता येतं, पण आधी पडद्यावर येतं की ‘खोलीतून ११.५० ला बंद केलं आहे’. पुतण्या ते वाचतो आणि फोन करून विचारतो. खोलीतलं तापमान मोजायला पलंगाच्या उंचीवर वेगळा मापक ठेवला, कारण एसीचा स्वतःचा मापक छताजवळ असतो आणि झोपलेला माणूस खाली. दाराजवळ, हात पोहोचेल असा एक साधा स्विच दिला, त्यावर एकच काम: एसी बंद, पंखा चालू. तो स्विच दाबायला मोबाइल लागत नाही, इंटरनेटही लागत नाही.

भाभींची मागणी वेगळी होती. फजरला उठायच्या आधी एसी बंद होऊन पंखा लागावा, म्हणजे गार खोलीतून एकदम बाहेर जावं लागत नाही. पुतण्याने त्यासाठी पाच वाजता अशी घड्याळाची वेळ घातली होती. पण आपल्या भागात फजरची वेळ जून ते जानेवारी तासाभराने तरी सरकते. बहुतेक ऑटोमेशन प्रणालींत घड्याळाऐवजी सूर्योदयाआधी इतकी मिनिटं, असा नियम घालता येतो. तो घातला, आता वेळ आपली आपण सरकते. रमजानमध्ये सहरीसाठी आणखी आधी उठणं होतं, म्हणून त्या महिन्याचा नियम वेगळा ठेवला आहे आणि तो हातानेच सुरू करायचा आहे. चांद दिसण्याचं काम यंत्रावर सोपवलेलं नाही.

तापमानाचं म्हणाल तर १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे स्टार असलेला नवा खोलीचा एसी २४ अंशांवरच सुरू होईल असा नियम आहे, आणि ऊर्जा मंत्रालयाच्या हिशेबाने एकेक अंश वर नेलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. भाईजानच्या खोलीत २७ आणि मंद पंखा हे जुळलं. बिलही उतरलं, पण ते नंतर.

खेडच्या भगिनींना माझं सांगणं असं. रिकामे पाइप चारही खोल्यांत टाका. वरच्या तीन खोल्यांना सध्या वायफायचे, शक्यतो एकाच कंपनीचे एसी घ्या आणि ते घराच्या ऑटोमेशनला जोडून द्या. सासऱ्यांच्या खोलीत पैसे वाचवू नका, तिथे उत्तर देणारीच जोडणी हवी, आणि रिमोट त्यांच्या उशाशी. डबीवाल्या कारागिराला घरी परत पाठवायची गरज नाही, पण त्याला म्हणावं, साक्षीदार बसवून दे.

दोघांपैकी ज्याला काम द्याल, त्याचा शेवटचा हप्ता हातात राखून ही परीक्षा घ्या. एसी चालू करा. डीबीतून त्याचा एमसीबी पाडा. मोबाइलवरून ‘बंद’ दाबा. मोबाइलवर काय दिसतं ते त्याच्यासमोर पाहा. मग पाच मिनिटांनी एमसीबी वर करा आणि खोलीत जाऊन उभ्या राहा. मोबाइलवर ‘बंद’ आणि खोलीत गार हवा, असं झालं तर हप्ता तुमच्याकडेच ठेवा. ‘संपर्क नाही’ असं आलं, आणि वीज आल्यावर ‘चालू’ असं खरं दिसलं, तर पैसे देऊन टाका.

गिझरविषयी सावर्ड्याहून आणि मालेगावहून दोन पत्रं आली आहेत. ती पुढच्या अंकात.